फंबल, फ्लँकिंग आणि विश्रांती: नव्या डीएमने कोणते जादा नियम घ्यावेत?

प्रश्न असा आला आहे. पाच खेळाडूंचा नवा गट आहे, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून खेळायच्या कथा-खेळाची पाचवी आवृत्ती, पुस्तकं २०१४ ची. एक छोटं साहस खेळून झालंय, आता पहिल्या लेव्हलपासून मोठं कॅम्पेन सुरू करायचंय. एकाला नॅचरल वन (वीस बाजूंच्या फाशावर एक) पडला की फंबल टेबल (फजितींची यादी) हवंय, दुसऱ्याला फ्लँकिंग (शत्रूला दोन बाजूंनी घेरल्याचा फायदा), तिसऱ्याला क्रिटवर (फाशावर वीस पडून लागलेल्या वारावर) जास्त डॅमेज (इजा). चौथा म्हणतो, पुस्तकात आहे तेवढंच खेळू. डीएमला (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारा) स्वतःला वाटतंय की पार्टी फार लवकर ताजीतवानी होते, म्हणून विश्रांतीचे नियम कडक करावेत. यातलं काय घ्यावं?

आधी सरळ उत्तर देतो. फंबल घेऊ नका. फ्लँकिंग छापलंय तसं घेऊ नका. क्रिटचा नियम घ्यायचा तर तो राक्षसांनाही लागू आहे का, हे पहिल्या दिवशीच ठरवा. विश्रांतीचा नियम मात्र जरूर घ्या, तुमची शंका बरोबर आहे. बरीच वर्षं टेबल चालवल्यावर मी कोणताही जादा नियम दोन प्रश्नांवर घासून बघतो: हा नियम आला की खेळाडू कोणती गोष्ट जास्त करायला लागतील? आणि त्याची किंमत टेबलावरचा नेमका कोण मोजेल? नियम खराखुरा वाटतो का, हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी विचारतो.

चौथ्या खेळाडूपासून सुरुवात करतो, कारण ‘पुस्तकात आहे तेवढंच’ हे वाटतं तितकं साधं नाही. २०१४ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये फीट्स (कॅरेक्टरच्या खास जादा क्षमता) आणि मल्टिक्लासिंग (एकाच कॅरेक्टरने एकाहून जास्त क्लास, म्हणजे पेशे, घेणं) हे दोन्ही ऐच्छिक नियम म्हणून छापलेत. डीएमने परवानगी दिली तरच ते लागू होतात. बहुतेक टेबलांवर हे कोणाच्या गावीही नसतं. उलट फ्लँकिंग, लांबलेली विश्रांती, कायमच्या जखमा, मनोधैर्य, स्पेल पॉइंट हे सगळं ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये पर्याय म्हणून दिलेलं आहे. म्हणजे पुस्तकाशी प्रामाणिक राहायचं म्हटलं तरी निवड करावीच लागते.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता होतो. पुस्तकं महाग पडतात, म्हणून पुष्कळ गट मोफत मिळणाऱ्या एसआरडीवर (मूळ नियमांच्या संक्षिप्त दस्तऐवजावर) खेळ शिकतात. २०१४ च्या नियमांचा एसआरडी जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे, त्यामुळे यात गैर काहीच नाही. पण त्यात फीट म्हणून फक्त एक ग्रॅप्लर आहे, आणि फ्लँकिंग किंवा विश्रांतीचे पर्याय तर मुळीच नाहीत. मग हे नियम कानावर येतात ते व्हिडिओंमधून, आणि तिथे छापलेला पर्याय कोणता आणि त्या टेबलाचा घरचा नियम कोणता हे कोणी सांगत नाही. मेंढीकोटमध्ये हुकूम बंद ठेवायचा की कट करून बोलायचा यावर दोन घरचे लोक बसल्या बसल्या वाद घालतात, कारण दोघांनाही आपलाच नियम मूळचा वाटतो. तुमच्या टेबलावर तेच चाललंय. म्हणून पहिलं काम, यादीतला प्रत्येक नियम कुठून आलाय ते शोधून त्याच्यासमोर लिहा.

घरचे नियम म्हणजे खेळाशी बेइमानी, असं कोणाला वाटत असेल तर या खेळाचा इतिहास उलटाच आहे. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी आणलेल्या तीन छोट्या पुस्तिकांत इतक्या जागा मोकळ्या होत्या की प्रत्येक गटाला आपापले नियम करावेच लागले. कॅलिफोर्नियात सांता मोनिकाच्या एका हॉबी-दुकानात खेळणाऱ्या मंडळींनी आपल्या टेबलासाठी चोराचा क्लास रचला. ती कल्पना गायगॅक्सपर्यंत पोहोचली आणि १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत चोर छापून आला. आज आपण ज्याला रोग (rogue) म्हणतो, तो कोणाच्या तरी घरच्या नियमातून आलाय. दुसऱ्या आवृत्तीत, १९८९ साली, शस्त्राबाहेरची कौशल्यं ऐच्छिक होती. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘स्किल्स’ खेळाच्या गाभ्यात आली. फीट्सचंही तसंच झालं: २०१४ मध्ये ऐच्छिक, २०२४ मध्ये प्रत्येक कॅरेक्टरला पहिल्याच लेव्हलला एक.

आणि काही नियम आजमावून सोडूनही दिले गेले. नॅचरल ट्वेंटी पडला की स्किल चेक आपोआप यशस्वी, हा कित्येक टेबलांचा लाडका नियम आहे. २०१४ च्या पुस्तकात तो नाही, तिथे वीसचं खास महत्त्व हल्ल्याच्या रोलपुरतं आणि डेथ सेव्हपुरतं (मरणासन्न कॅरेक्टर वाचतं का, हे ठरवणाऱ्या रोलपुरतं) आहे. ऑगस्ट २०२२ च्या प्लेटेस्टमध्ये (नव्या नियमांच्या जाहीर चाचणीत) खेळाच्या कंपनीने तो नियम घालून पाहिला आणि पुढच्याच फेरीत काढून टाकला. माझ्या मते हा वाद मुळात रोल मागण्याच्या सवयीचा आहे. राजाने मुकुट काढून द्यावा म्हणून बार्ड गोड बोलतोय आणि राजा देणारच नाहीये, तर फासा टाकायला सांगूच नका. फार तर राजा किती चिडतो हे ठरवायला टाका, आणि तसं आधी बोलून दाखवा.

आता फंबल. नॅचरल वन पडला तर हल्ला चुकतो, एवढंच पुस्तक म्हणतं. फंबल टेबलात तलवार हातातून निसटते, धनुष्याची दोरी तुटते, वार शेजारच्या मित्राला लागतो. पहिल्या दोन-तीन वेळा टेबल खदखदून हसतं, आणि म्हणूनच हा नियम इतका पसरलाय. पण हिशोब करून बघा. पाचव्या लेव्हलचा फायटर दर पाळीला दोन वार करतो. चार फेऱ्यांची लढाई धरली तर आठ रोल, आणि त्यात किमान एक फंबल होण्याची शक्यता ३४ टक्के. अकराव्या लेव्हलला तीन वार, म्हणजे बारा रोल आणि ४६ टक्के. विसाव्या लेव्हलला चार वार, सोळा रोल, ५६ टक्के. म्हणजे जगातला सर्वश्रेष्ठ तलवारबाज दर दुसऱ्या लढाईत तलवार पाडतो, आणि नवशिक्या असताना तो जितका धांदरट होता त्यापेक्षा आता जास्त आहे. हा नियम खरेपणाच्या नावाने मागितला जातो, पण तलवार चालवणं शिकलेल्या माणसाचं असं होत नाही.

तेवढ्यात विझर्ड काय करतोय? तो फायरबॉल टाकतोय. फायरबॉलला हल्ल्याचा रोलच नाही, सेव्ह (बचावाचा रोल) शत्रू करतात. त्याने हल्ल्याचे रोल लागणारे मंत्र टाळले तर पूर्ण कॅम्पेन संपेपर्यंत त्याचा एकदाही फंबल होणार नाही. म्हणजे या नियमाची सगळी किंमत फायटर, मंक आणि दोन हातांत दोन शस्त्रं घेऊन लढणारा रेंजर मोजतात. पाचव्या आवृत्तीत वरच्या लेव्हलना हेच क्लास आधी मागे पडतात. खेळाडू काय करायला लागतात हेही बघा: कमी वेळा वार करणारं कॅरेक्टर बनवतात. फायटरच्या खेळाडूने तुमच्याकडे कुरकुर केली नाही, तरी पुढच्या कॅम्पेनला तो फायटर घेणार नाही.

ज्या खेळाडूला फंबल हवाय, त्याला खरं तर नॅचरल वनचा क्षण रंगलेला हवाय. तो जरूर द्या. हल्ला का चुकला हे त्यालाच सांगू द्या: पाय निसरड्या दगडावर पडला, शत्रूने ढाल नेमकी वेळेवर वर घेतली, घाम डोळ्यात गेला. वर्णन हवं तेवढं, पण डॅमेज नाही, शस्त्र गमावणं नाही. अगदीच काही परिणाम हवा असेल तर पाळीतल्या पहिल्या वारापुरता ठेवा, म्हणजे लेव्हल वाढली तरी शक्यता पाच टक्क्यांच्या वर जात नाही.

क्रिटचा मुद्दा वेगळा आहे, कारण तो नियम मलाही आवडतो. पुस्तकात क्रिट झाला की डॅमेजचे फासे दुप्पट टाकतात. त्यात दोन्ही फाशांवर एक-एक पडला की सगळा आनंद मावळतो. म्हणून बरीच टेबलं एका वाट्याचं डॅमेज जास्तीत जास्त धरतात आणि दुसरा वाटा रोल करतात. दोन हाती मोठ्या तलवारीचं क्रिट एरवी चार डी-सिक्स (सहा बाजूंचे फासे), म्हणजे सरासरी १४. या नियमाने १२ अधिक दोन डी-सिक्स, म्हणजे सरासरी १९. खेळाडू खूश.

आता तोच नियम गॉब्लिनच्या हाती द्या. पहिल्या लेव्हलच्या विझर्डचे हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) साधारण ८. गॉब्लिनच्या वाकड्या तलवारीचं डॅमेज एक डी-सिक्स अधिक २. पुस्तकाप्रमाणे क्रिट झाला तर दोन डी-सिक्स अधिक २, आणि विझर्ड आडवा होण्याची शक्यता ७२ टक्के. घरच्या नियमाने ६ अधिक एक डी-सिक्स अधिक २, म्हणजे कमीत कमी ९. विझर्ड दरवेळी आडवा, सुटकेला जागाच नाही. शिवाय एखादा गॉब्लिन तीन फेऱ्या जगतो आणि जातो, पण तुमच्या खेळाडूचं कॅरेक्टर महिनोन्‌महिने रोज मार खात असतं. हल्ल्यातला बेभरवसा वाढवणारा कोणताही नियम शेवटी खेळाडूंवरच उलटतो, मागणी खेळाडूंनीच केलेली असली तरी. म्हणून तिसऱ्या लेव्हलपर्यंत हा नियम फक्त कॅरेक्टर्सना लागू ठेवा आणि तसं स्पष्ट सांगा. पुढे हिट पॉइंट वाढले की दोन्ही बाजूंना द्या. ‘हे राक्षसांवर अन्यायाचं आहे’ असा कोणी मुद्दा काढला, तर राक्षसांचा खेळाडू तुम्हीच आहात आणि तुमची काही हरकत नाही, एवढं सांगणं पुरेसं आहे.

फ्लँकिंगवर जरा थांबतो, कारण हा छापलेला पर्याय आहे म्हणून लोक डोळे झाकून घेतात. नियम असा की शत्रूच्या बरोबर समोरासमोरच्या दोन बाजूंना दोन मित्र उभे राहिले की दोघांनाही हातघाईच्या हल्ल्यावर अ‍ॅडव्हान्टेज. म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. ज्याला एरवी ८ किंवा जास्त हवेत, म्हणजे ६५ टक्के संधी आहे, त्याची संधी ८८ टक्क्यांवर जाते. क्रिटची शक्यता पाच टक्क्यांवरून जवळपास दहावर. एवढं मोठं बक्षीस मिळवायला करायचं काय, तर दोन-तीन घरं चालायची.

गोम इथेच आहे. तिसऱ्या आवृत्तीत फ्लँकिंगचा बोनस फक्त +२ होता, आणि शत्रूच्या टप्प्यातल्या एका घरातून पुढे सरकायला लागलं की त्याला फुकटचा वार मिळायचा. पाठीमागे पोहोचायला धोका पत्करावा लागे किंवा डोकं चालवावं लागे. पाचव्या आवृत्तीत शत्रूच्या टप्प्यात राहून त्याच्याभोवती कितीही फिरा, फुकटचा वार फक्त टप्प्याबाहेर पडल्यावर. म्हणजे किंमत काढून टाकली आणि बक्षीस दुपटीहून मोठं केलं. रोगसाठी तर फ्लँकिंगची गरजही उरलेली नाही, कारण त्याच्या जादा डॅमेजच्या स्नीक अ‍ॅटॅकला शत्रूच्या पाच फुटांत एक मित्र असला तरी चालतो, समोरासमोर असायची अट नाही.

दुसरं असं की अ‍ॅडव्हान्टेज साठत नाही. एकदा मिळालं की मिळालं. मग बार्बेरियनचा रेकलेस अ‍ॅटॅक कशाला, त्यात तर उलट स्वतःला धोका. क्लेरिकचा गायडिंग बोल्ट, ड्रुइडचा फेअरी फायर, हेल्प अ‍ॅक्शन, शत्रूला पाडणं, या सगळ्या युक्त्या हातघाईच्या लढाईत निम्म्याहून जास्त निरुपयोगी होतात. नकाशावर काय दिसतं तेही सांगतो: मित्र, शत्रू, मित्र, शत्रू अशी एकच लांब रांग, कारण शत्रूही तेच करतात. दरवाजा अडवून उभं राहणं, उंच जागा पकडणं, खांबाआड जाणं, हे सगळं मागे पडतं. तुमच्या त्या खेळाडूला डावपेच हवेत आणि हा नियम एक सोडून बाकीचे डावपेच मोडीत काढतो. त्याला +२ द्या. संधी ६५ वरून ७५ टक्के होते, जाणवण्याइतकी आहे, आणि अ‍ॅडव्हान्टेजसोबतही चालते, त्यामुळे बाकीच्यांची हत्यारं बोथट होत नाहीत.

आता विश्रांती, आणि तुमची खरी अडचण हीच आहे. २०१४ च्या पुस्तकांचा हिशोब असा आहे की पार्टी एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढती लढेल, मध्ये साधारण दोन शॉर्ट रेस्ट (तासाभराची विश्रांती) घेईल आणि मग रात्री लाँग रेस्ट (आठ तासांची, जवळपास सगळं परत मिळवून देणारी). रविवारी संध्याकाळी तीन-चार तास जमणाऱ्या गटाला हे शक्य तरी आहे का? एका सेशनला एक लढाई होते, दोन झाल्या तर खूप. गोष्टीतला दिवसही तेवढ्यातच संपतो. मग पाचव्या लेव्हलच्या विझर्डकडे नऊ स्पेल स्लॉट असतात, म्हणजे नऊ मोठे मंत्र टाकता येतात, आणि ते जपायचं काही कारण नसतं. वॉरलॉककडे फक्त दोन, जे शॉर्ट रेस्टला परत मिळतात. दोन शॉर्ट रेस्ट झाल्या तर त्याचे सहा होतात आणि तो विझर्डच्या जवळ येतो. एकाच लढाईच्या दिवसात नवाला दोन असा सामना असतो. तुम्ही राक्षस वाढवलेत तर वॉरलॉक आणि फायटर मरतात, नाही वाढवलेत तर विझर्ड एकटाच लढाई संपवतो. गोष्टीचा वेग आणि विश्रांतीचा वेग जुळत नाहीयेत, एवढाच हा दोष आहे.

पुस्तकातला पर्याय असा: शॉर्ट रेस्ट आठ तासांची, लाँग रेस्ट सात दिवसांची. प्रवास, कारस्थानं, शहरातली गोष्ट असेल तर हा नियम उत्तम चालतो. पण मोठ्या भुयारात उतरलात की अडतो, कारण सात दिवस भुयाराबाहेर कोण बसणार आणि तोवर आतले लोक काय झोपून राहणार? म्हणून मी दुसरी पद्धत वापरतो, जी बऱ्याच टेबलांवर आहे. वेळ बदलायची नाही, जागेची अट घालायची. लाँग रेस्ट फक्त सुरक्षित ठिकाणी: गाव, देऊळ, मित्राचा किल्ला, निर्धास्त झोपता येईल असं छप्पर. जंगलात रात्रभर झोपलात तर शॉर्ट रेस्टचा फायदा. आता रानातला पाच दिवसांचा प्रवास हाच एक ‘दिवस’ होतो आणि त्यात चार-पाच लढती सहज बसतात. खेळाडू वाटेवरची गावं शोधायला लागतात, तिथल्या माणसांशी सलोखा ठेवतात, परत फिरायचं की पुढे जायचं यावर टेबलावर खरी चर्चा होते. या नियमाने माझ्या टेबलांना जेवढं दिलंय तेवढं दुसऱ्या कोणत्याच नियमाने दिलेलं नाही.

याचीही किंमत आहे आणि ती विझर्ड-सॉर्सररला पडते. मेज आर्मर (जादूचं चिलखत) आठ तास टिकतो. रोज टाकायचा म्हटलं तर पाच दिवसांत पाच स्लॉट गेले. असे आठ तासांचे मंत्र मी २४ तास टिकवतो. दुसरी पळवाट लिओमुंड्स टायनी हट, म्हणजे जादूच्या घुमटाच्या निवाऱ्याचा मंत्र. पाचव्या लेव्हलला विझर्ड तो विधी म्हणून, एकही स्लॉट न घालवता, रोज उभारू शकतो. तो सुरक्षित ठिकाण धरला तर तुमचा सगळा नियम त्या दिवशी संपतो. म्हणून आजच सांगून ठेवा की त्या घुमटात रात्र शांत जाईल, पण फायदा शॉर्ट रेस्टचाच. विझर्डच्या खेळाडूला हे पाचव्या लेव्हलला, मंत्र निवडून झाल्यावर कळलं तर तो चिडेल आणि त्याचं चिडणं रास्त असेल.

बाकीचे छोटे नियम पटकन. औषधाची कुपी पिणं २०१४ च्या नियमाने पूर्ण अ‍ॅक्शन घेतं. साध्या कुपीने सरासरी सात हिट पॉइंट परत येतात आणि गॉब्लिनचा एक वार साडेपाच घेऊन जातो, म्हणजे जेमतेम एका वाराची भरपाई करण्यातच पाळी जायची आणि लढाईत कुपी काढणं आतबट्ट्याचा व्यवहार होता. बोनस अ‍ॅक्शनला (पाळीतल्या छोट्या जादा कृतीत) पिऊ द्यावं हा घरचा नियम सगळीकडे पसरला आणि २०२४ च्या पुस्तकात तोच अधिकृत झाला. बेलाशक घ्या. वजनाचा हिशोब फक्त रानावनातली, अन्नपाण्याची चणचण असलेली गोष्ट असेल तरच ठेवा, आणि तेव्हाही पौंड मोजू नका, स्ट्रेंग्थ जेवढी तेवढ्या वस्तू असं सोपं करा.

पुढेमागे दुसरे खेळ खेळाल तेव्हा हे आकडे तिथे नेऊ नका. ‘पाथफाइंडर’च्या दुसऱ्या आवृत्तीत लक्ष्यापेक्षा दहाने जास्त पडलं की क्रिट होतं, त्यामुळे तिथे साधा +१ देखील हल्ला लागण्याची आणि क्रिटची अशा दोन्ही शक्यता वाढवतो. इथला बिनधोक +२ तिथे भरमसाट होतो. ‘कॉल ऑफ कथुलू’च्या सातव्या आवृत्तीत लक पॉइंट खर्चून रोल सुधारायचा ऐच्छिक नियम आहे. कॅरेक्टर्स जास्त टिकतात, भीती थोडी कमी होते. एका रात्रीच्या भयकथेत मी तो वापरत नाही, लांबच्या तपासकथेत वापरतो.

आता हे टेबलावर आणायचं कसं. कॅम्पेनच्या आधी सगळ्यांना एकत्र बसवा आणि घेतलेले नियम एका पानावर लिहा. एका पानात मावत नसतील तर कमी करा. प्रत्येक नियमासमोर तो का घेतला ते एका ओळीत लिहा, म्हणजे सहा महिन्यांनी ते कारण उरलं नसेल तर नियमही काढता येतो. नवा नियम दोन-तीन सेशन चालवून बघा, मग सगळ्यांना विचारा, आणि ज्याला त्याची किंमत पडतेय त्याला सगळ्यांत आधी विचारा. लढाईच्या मध्यात नियम बदलू नका. तिथे शंका आली तर त्या क्षणापुरता निर्णय द्या, खेळ पुढे न्या, पुस्तक नंतर उघडा. एखाद्याने ज्या नियमावर कॅरेक्टर बांधलंय तोच नियम काढलात, तर त्याला ते कॅरेक्टर नव्याने बांधू द्या. आणि कोणाचं कॅरेक्टर मेल्यावर त्याला वाचवण्यासाठी किंवा मारण्यासाठी मागाहून नियम आणू नका.

तुमच्या बाबतीत पहिल्या सेशनला चारच ओळींचं पान न्या: सुरक्षित ठिकाणीच लाँग रेस्ट, फ्लँकिंगला +२, क्रिटचा जादा डॅमेज तिसऱ्या लेव्हलपर्यंत फक्त कॅरेक्टर्सना, आणि कुपी बोनस अ‍ॅक्शनला. टायनी हटचा खुलासा पहिल्या ओळीखालीच लिहा. फीट्स आणि मल्टिक्लासिंग चालणार की नाही हे त्याच दिवशी विचारून घ्या, कारण फीट निवडायची चौथी लेव्हल तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा लवकर येईल.